वहिनी धरायच्या तो चिमटा

१२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र लिहायला घेतलं की शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटतं. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही लेकीकडे, मेसेज केला तर तो आधी जावईबापूंच्या नजरेखालून जाणार. तेव्हा हेच बरं. अक्षराला हसायचं असेल तर खुशाल हसा.

बातमी आनंदाची आहे. दादाचं वेल्डिंगचं इंजिन चालू झालं! दादा गेल्यापासून ताडपत्रीखाली पडून राहिलेलं ते धूड चौघांनी मिळून पिकअपवर चढवलं. डिझेलची टाकी धुतली, फिल्टर बदलले, नवी बॅटरी टाकली. आधी नुसतं खोकत राहिलं, मग काळा धूर सोडला आणि झालं की हो सुरू. गल्लीतली कुत्री पळाली, समोरच्या मास्तरांनी धाडकन खिडकी लावून घेतली. मी मात्र तिथेच उभा राहून ऐकत होतो. तोच आवाज आहे, वहिनी. ज्याने तुमचे कान घेतले तोच. पण ऐकून बरं वाटलं, काय करू.

आणि पहिलं मोठं कामही झालं. खडीच्या खाणीवरच्या पोकलेनच्या बूमला, त्या लांब हाताच्या अगदी कोपरापाशी, वीतभर चीर गेली होती. तिथे वीज नाही, मशीन हलवता येत नाही, म्हणजे आपलंच काम. पैलवान अजून तिथेच ऑपरेटर आहे. अंगावर मांस नाही ते नाहीच, पण पैलवान हे नाव काही सुटलं नाही. ते तुम्हीच ठेवलेलं म्हणे. त्यानेच मालकाकडे माझी हमी घेतली. म्हणाला, दादांचा भाऊ आहे, हात तोच आहे. मला तर छातीच फुगल्यासारखं झालं.

चीर खरवडून काढली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, जागा गरम करून घेतली आणि थरावर थर भरत गेलो. दुपारच्या जेवणाआधी काम हातावेगळं. दादाला दिवस लागला असता, रागावू नका. अर्थिंगचा चिमटा वर बूमला लावायचा तर तिथे ग्रीस, धूळ आणि रंग यांचा नुसता लगदा. कोण खरवडत बसणार? खाली ज्यावर पोकलेन चालते त्या चेनची पट्टी दगडावर घासून आधीच लख्ख झाली होती. चिमटा तिला लावला आणि मोकळा झालो. काम काय सुरेख चाललं म्हणून सांगू.

पैलवान केबिनमध्ये बसून बघत होता. मध्येच म्हणाला, वहिनी आल्या असत्या तर बरं झालं असतं. गहिवरला बिचारा. मलाही क्षणभर तुम्ही दिसलात, डोक्याला रुमाल बांधून, चिमटा घेऊन बसलेल्या. आम्ही ग्राइंडर मारणारे तेव्हा मागे बोलायचो की दादाने वहिनींना सावलीत बसायला काम काढून दिलंय. आता सांगायला हरकत नाही.

मशीन माझ्या हाती दिलंत त्याचं सोनं करीन.

तुमचा धाकटा


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. अक्षराला हसले. मजकूर मात्र पुन्हा पुन्हा वाचला.

तुमचं पत्र जेवताना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं, एक-दोन वाक्यं गाळून. जावई ऐकत होते. मशीनला त्यांनी गिऱ्हाईक आणलं होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? मी म्हटलं होतं, विकायचं नाही, भाऊजींना देणार. तेव्हापासून दर आठवड्याला ताटावर बसले की विचारतात, काय, चालतं का ते खटारं? लेक बापडी मधल्या मध्ये ताटाकडे बघत बसते. त्या दिवशी मात्र काही बोलले नाहीत, भाजी वाढून घेतली. मला फार गोड वाटलं ते.

सावलीत बसायचं काम म्हणायचात ना? म्हणत जा. आमच्या कानाचे पडदे गेले ते सावलीतच.

एक सांगायचं राहिलं होतं. पुढच्या वेळी चिमटा जोडापासून हातभर अंतरावर लावा, आणि जो तुकडा जोडता त्याच तुकड्यावर. जागा कानशीने घासून लख्ख करून घ्या. तुमच्या दादांना तसं लागायचं. चेनला वगैरे नको.

पोकलेन बरी चालते ना? फिरताना काही आवाज नाही ना येत? सहज विचारते. रॉडचा डबा कोरड्या जागी ठेवा. खात जा वेळेवर.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

नमस्कार. उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. कामाला उसंत नाही. डोझरचं पातं जोडलं, एका डंपरची चौकट जोडली, रस्त्याच्या कामावर रोलर अडकला होता तिथेही जाऊन आलो. पिकअपच्या दारावर नाव रंगवून घेतलंय, दादाचं वर आणि माझं खाली. चिमट्याचं म्हणालात तसं करतो. दादाचे नखरे होतेच, तेही सांभाळू.

पोकलेनचं तुम्ही विचारलंत, आणि तुमच्या तोंडात काय आहे कोण जाणे, खरंच आवाज यायला लागला. वरचं धड फिरवलं की घरघर, मध्येच कटकट, मग एका जागी अडकायचंच. मेकॅनिकने उघडलं तर ते फिरायचं मोठं बेअरिंग गेलेलं. गोळ्यांना बारीक बारीक खड्डे. माझा जोड मात्र जसाच्या तसा आहे, केसभर हललेला नाही. मालकानेच दाखवला सगळ्यांना.

मालक पैलवानावर उखडला. भरली बकेट घेऊन गरागरा फिरवतो, झटक्यात थांबवतो, म्हणून बेअरिंग गेलं म्हणाला. पैलवान म्हणाला, मी काही वेगळं केलं नाही. तेवढ्यात मी तिथे पोचलो. मालकाने मलाच विचारलं, लोखंडातलं तुम्हाला कळतं, तुम्ही सांगा. मी सांगितलं की हो, पैलवानाचा हात जरा दांडगा आहे, असं फिरवलं तर बेअरिंगचं भुस्कट होणारच. खोटं नव्हतं, सगळेच ऑपरेटर तसं फिरवतात. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्याला किंमत आली असं वाटलं, आणि मी आणखी दोन वाक्यं जास्त बोललो.

पैलवानाला त्याच दिवशी काढलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. डबा उचलला, गमछा झटकला आणि चालू लागला. वाईट वाटलं. पण यंत्राशी असं वागून कसं चालेल, नाही का?

जावईबापूंना सांगा, खटारं जोरात आहे.

तुमचा धाकटा


१६ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज कागद काढते आणि परत ठेवून देते. आज लिहून होईतो उठायचं नाही असं ठरवलंय.

पैलवानाने काही बिघडवलेलं नाही. ते बेअरिंग तुमच्या जोडाने गेलं.

तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले होते. करंट रॉडमधून लोखंडात शिरतो आणि चिमट्यातून मशीनकडे परत येतो. चिमटा जिथे असेल तिथवर तो वाट काढत जाणार. तुम्ही जोड वर बूमला मारत होता आणि चिमटा होता खाली चेनला. मध्ये काय आहे? वरचं सगळं धड ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग. तुम्ही सकाळभर जो करंट सोडलात तो सगळा त्या गोळ्यांमधून गेला. गोळी जिथे टेकते तिथे आत ठिणगी पडते आणि खड्डा होतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही आठवडे गेले की घरघर लागते.

हे मला कसं माहीत? लग्नानंतर थोड्याच वर्षांत तुमच्या दादांनी एका लोडरचं असंच केलं होतं. तुम्ही तेव्हा शाळेत होता. त्या दिवसापासून चिमटा माझ्या हाती आला. म्हणाले, मी घाईचा माणूस आहे, हे काम तू कर, आणि तू हो म्हणेपर्यंत मी रॉड टेकवणार नाही. मग जन्मभर मी जागा घासायची, चिमटा लावायचा, हलवून बघायचा आणि मान हलवायची. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची त्यांना. तुम्ही सगळे मागे हसायचात ते आम्हा दोघांना ऐकू यायचं, तेव्हा माझे कान शाबूत होते. तरी ते बोलले नाहीत. म्हणून तुम्हाला कधी कळलंच नाही. त्यात तुमचा दोष नाही.

माझा आहे. तुमच्या पहिल्या पत्रातलं ते चेनचं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. जेवताना मी जी वाक्यं गाळली त्यातलं पहिलं तेच. मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं की भाऊजी, चूक झाली, मालकाला आधीच सांगून ठेवा. मी काय लिहिलं? दादांना तसं लागायचं. सहज विचारते. मनात म्हणत होते, एका जोडाने काय होतंय, निभावेल. हट्टाने मशीन तुम्हाला दिलं होतं. तो हट्ट जावयासमोर खोटा पडू नये, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. एका वाढलेल्या भाजीसाठी मी गप्प बसले, असं म्हणा ना.

आणि तुमचं दुसरं पत्र आल्यावरही जवळजवळ महिनाभर गप्प बसले. पैलवान आमच्या दारात कितीदा जेवला असेल. त्याच्या पोरीच्या बारशाला मी गेले होते. आता त्याचं नाव मनात आलं तरी घरात इकडून तिकडे फिरत बसते. लेक विचारते काय झालं. मी कानाकडे बोट दाखवते, ऐकू आलं नाही म्हणते.

तुम्ही मालकाला जाऊन सांगा. दारावर नाव रंगवलंत, कामं जातील, मला सगळं कळतं. तरी जा.

वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं.

फेब्रुवारीत एक ओळ सरळ लिहिली असतीत तर मालकाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं नसतं. मी चारचौघांत एका माणसाला बुडवलं आणि वर तुम्हाला फुशारकीने कळवलं. तुम्ही ते वाचलंत. दादाने सांगितलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मी मात्र दारावर दादाचं आणि माझं नाव रंगवून हिंडतोय.

सध्या मला लिहू नका.


२० मे

वहिनी,

नमस्कार. मागचं पत्र रागात लिहिलं. तुमच्यावर राग काढणं सोपं होतं म्हणून काढला.

त्यानंतर बरेच दिवस खाणीच्या रस्त्याला फिरकलो नाही. कामं घेतली तीही उलट्या दिशेची. प्रत्येक ठिकाणी आधी चिमट्याची जागा घासायचो. घासताना मान खाली असते, कुणी तोंड बघत नाही, तेवढंच बरं वाटायचं.

शेवटी गेलो. मालक वजनकाट्यावर बसला होता. सगळं सांगितलं, करंट कुठून कुठे गेला ते खडूने फरशीवर काढून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि हसला. म्हणाला, नवं बेअरिंग बसलंय, नवा ऑपरेटर चांगला आहे, आता हे कशाला उकरून काढता? मी पैलवानाला सगळ्यांदेखत बोललोय, आता काय शब्द मागे घेऊ? तुम्हीही बाहेर बोलू नका, धंदा बसेल. वर एका लोडरच्या बकेटचं काम दिलं.

खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला. मी चहा प्यालो. बकेटही जोडली. चिमटा बकेटलाच, जोडाला अगदी खेटून लावला, आणि मनात म्हटलं, बघा, आता शिकलो. घरी येताना अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घ्यावी लागली. मालकाला सांगताना लाज वाटलीच होती. पण सांगून सुटलो असं समजून त्याचा चहा प्यालो, त्याची त्याहून जास्त वाटली.

पैलवान आता टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. मला पाहून ट्यूब पाण्यात बुडवत राहिला. मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो आणि बोललो. त्याला करंटचं वगैरे माहीत नव्हतं. पण इतकी वर्षं तुम्ही जागा घासताना त्याने पाहिलं होतं, मी घासली नाही तेही पाहिलं होतं. बेअरिंग गेलं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं म्हणे. मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललास? म्हणाला, तुमची हमी मीच घेतली होती.

वहिनी, मला त्या टायरच्या ढिगात तोंड लपवावंसं वाटलं.

मी म्हटलं, चल, मालकाकडे पुन्हा जाऊ, या वेळी सगळ्यांसमोर बोलतो. तो नाही म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मालकाला सांगून काय करू? काम कुठेही मिळेल. माझ्या बायकोला सांगा."

त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघर म्हणजे एक खोली, ओट्याला लागूनच खाट. खाटेवर त्याचे वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले. लेक कोपऱ्यात अभ्यास करत होती. त्याची बायको भाजी निवडत होती, तिने हात थांबवले नाहीत. पैलवान दारातच उभा राहिला, आत आला नाही. मी खडूबिडू काही काढलं नाही. माझ्या चुकीने यंत्र गेलं आणि मी नाव याचं घेतलं, एवढंच सांगितलं.

ती म्हणाली, "मालकासमोर काय बोलला होतात, तेच शब्द सांगा."

मला वाटलं होतं, चूक कबूल केली की भागेल. नाही भागलं. मग मी ते शब्द पुन्हा उच्चारले, त्याच्या देखत, त्याच्या लेकीच्या देखत. हात दांडगा आहे. असं फिरवलं तर भुस्कट होणारच. आणि ती जास्तीची दोन वाक्यं, जी तुम्हालाही लिहिली नव्हती. अशांच्या हाती यंत्र देऊच नये. माझं असतं तर मी दिलं नसतं.

पोरीने वही मिटली. म्हातारा भिंतीकडून वळला. बायको खाली बघूनच म्हणाली, "मी यांना रोज विचारायचे, खरं सांगा काय केलंत. रोज." मग तिने पदराने तोंड झाकून घेतलं. पैलवान दारातून आत आला, तिच्या पुढ्यातली भाजी घेतली आणि स्वतः निवडत बसला. मी कधी निघालो, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पैलवानाला माझ्याबरोबर काम करतोस का विचारलं. विचार करतो म्हणाला. करेल असं वाटत नाही.

तुमचं नाव मी कुठेच काढलं नाही. पैलवानाच्या बायकोने विचारलं होतं की तुमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं का. मी म्हणालो, कुणालाच नाही, दादा होता तोवर त्याला असेल. तुम्ही काळजी करू नका. त्या घरात तुमच्याबद्दल अजून माया आहे.

तुमचा धाकटा


२७ मे

भाऊजी,

आशीर्वाद. तुम्ही गेलात आणि ते शब्द पुन्हा बोललात. तुमच्या दादांना हे जन्मात जमलं नाही. ते असते तर त्यांनी तुमच्यापुढे मान खाली घातली असती, आणि मीही घालते.

पण तुम्ही तिला खोटं सांगून आलात. माझ्यासाठी सांगितलंत, मला कळतं. वाचून पहिल्यांदा मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. तुमच्या त्या चहासारखं. दोन दिवस त्या हायशावर मी घरभर गुणगुणत फिरले. लेक म्हणाली, आई, आज बरी दिसतेस. त्यानंतर मला काही खाववेना.

ती बाई आपल्या नवऱ्याला रोज विचारत होती. तुमच्या पहिल्या पत्राला मी उत्तर टाकलं तेव्हाच खरं लिहिलं असतं, तर तिला एकदाही विचारावं लागलं नसतं. आणि ती अजून माझ्यावर माया करते म्हणता. ती माया मला इथे बसून खाता येत नाही.

जावयांना काल सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यांसकट. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसने निघते. तुम्ही थांब्यावर या, पण पैलवानाच्या घरापाशी मला सोडून मागे फिरा. सोबत नको. मी येणार आहे हे तिला आधी कळवू नका, नाहीतर ती चहा टाकून ठेवेल. मला सगळं माहीत होतं हे माझ्या तोंडून ऐकल्यावर ती दार लावून घेईल कदाचित. घेऊ दे. मी बाहेर पायरीवर उभी राहून सांगीन. मला माझा आवाज कळत नाही, फार मोठ्याने बोलते म्हणतात. गल्लीला ऐकू गेलं तर जाऊ दे.

वहिनी